बालकांचे लेखन : तपासणी आणि संस्कार

(प्राथमिक शिक्षक व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजऱ्याच्या डोंगराळ परिसरात रानहत्तीचा वावर गेली अनेक वर्षे आहे. अशा एखाद्या वाडीवरच्या शाळेत तिसरीतील एका मुलाने आपल्या वहीत पाच वाक्ये लिहिली आहेत, अशी कल्पना करावी. "काल रातच्याला हत्ती आला. आमचा उस मोडला. आजी म्हणाली दिवा इझव. मला भ्या वाटलं. मग तो गेला." ही वही गुरुजींच्या टेबलावर येते. 'रातच्याला'खाली लाल रेघ, 'उस'खाली लाल रेघ, 'इझव' आणि 'भ्या' यांवर फुली, आणि शेवटी दहापैकी तीन गुण. शेजारच्या वहीत 'माझी शाळा' हा निबंध आहे. तो मार्गदर्शक पुस्तकातून पाठ केलेला आहे, अक्षर सुबक आहे, चूक एकही नाही. त्याला नऊ गुण. वस्तुतः त्या दोघांपैकी लेखन एकानेच केले होते, आणि त्यालाच तीन गुण मिळाले. पुढल्या खेपेस तोही निबंध पाठ करून येईल, यात संशय नाही. मूल हुशार असते. कशाला गुण मिळतात हे त्याला लवकर कळते.

येथे गुरुजींना दोष देऊन भागत नाही. पस्तीस मुलांच्या वर्गात प्रत्येक वहीला चार मिनिटे दिली, तर एका लेखनाच्या तपासणीस दोन तास वीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ शाळेच्या दिवसात नसतो. त्यात दोन वर्ग एकाच शिक्षकाकडे असतील, तर बोलायलाच नको. म्हणून बरोबरची खूण आणि तारखेसह सही एवढ्यावर तपासणी येऊन थांबते. सर्व चुका सर्व वह्यांत दाखविण्याचा अट्टाहास सोडला, तर मार्ग निघतो. दररोज पाचच वह्या बारकाईने वाचाव्यात. सात दिवसांत वर्ग पुरा होतो. उरलेल्या वह्यांतून सर्वांकडून होणारी एकच चूक हेरावी आणि ती फळ्यावर घ्यावी.

वरील मुलाचा 'उस' त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आजऱ्याकडील मुले 'उस', 'गुळ', 'दुध', 'फुल' असे सर्रास लिहितात. या चार चुका नाहीत, एकच आहे. मराठीतील अकारान्त शब्दाचे उपान्त्य इकार-उकार दीर्घ असतात : ऊस, गूळ, दूध, फूल, वीट. प्रत्यय लागला की तेच ऱ्हस्व होतात : उसाचा, गुळाचा, दुधात, फुलाला, विटेवर. तत्सम शब्दांना हा नियम लागू नाही, हे शिक्षकाने मनात ठेवावे. मुलांना त्या वयात सांगण्याची घाई नको. घरातल्याच वस्तूंची नावे घेऊन अर्ध्या तासात हे शिकविता येते, आणि पस्तीस वह्यांतील लाल रेघा वाचतात.

शुद्धलेखनाचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि ते संकेत आहेत, हे विसरू नये. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांना शासनाची मान्यता मिळाली आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्यापूर्वी शाळेत गेलेले आजोबा 'नाहीं' असे लिहीत आणि ते शुद्ध होते. नातवाने तसे लिहिले तर ती चूक ठरते. आजोबांचे पत्र मात्र आजही कळते. 'भ्या' आणि 'इझव' तर चुकाही नव्हेत. ती घरची बोली आहे. आजी जे बोलली तेच मुलाने लिहिले. अवतरणात ते तसेच राहू द्यावे. 'पुस्तकात याला विझव म्हणतात' असे शेजारी लिहिले, तर मुलाकडे एका शब्दाऐवजी दोन शब्द होतात.

मग त्या वहीवर काय लिहावे? एक प्रश्न लिहावा : "आजी दिवा विझव का म्हणाली?" मूल घरी जाऊन विचारील, दोन-तीन वाक्ये अधिक लिहील. दुसरा प्रश्न आठ दिवसांनी : "हत्ती गेला हे कशावरून कळले?" लेखन सुधारते ते असे पुन्हा लिहिण्याने, आणि पुनर्लेखनाची आपल्याकडे रीत नाही. चुकलेला शब्द दहा वेळा लिहविण्याची आहे. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मुलांच्या अनुभवाला आणि अभिव्यक्तीला शिक्षणात जे स्थान दिले, ते फार दूरचे उदाहरण नव्हे.

शासकीय चौकटही आड येत नाही. शिक्षणहक्क कायदा २०१० मध्ये अमलात आला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली-दुसरीला ७० टक्के व तिसरी-चौथीला ६० टक्के भार आकारिक मूल्यमापनाला मिळाला. वर्णनात्मक नोंदी आल्या. पण पुढे त्याही छापील पुस्तिकांतून उतरून घेतल्या जाऊ लागल्या. मुलांनी निबंध उतरावा आणि गुरुजींनी नोंदी, हा योग हसावे की रडावे असा आहे. २०२३ मध्ये पाठ्यपुस्तकांत 'माझी नोंद' म्हणून कोरी पाने जोडली गेली. २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. २०२३ मध्येच पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा ठरली. परीक्षा आली की पाठांतराचा मोह वाढतो, म्हणून तिसरी-चौथीतील स्वतंत्र लेखन आता अधिक जपावे लागेल.

पालकांकडे काम थोडे आहे. वही घरी आली की प्रथम गुण पाहिले जातात. त्याऐवजी मुलाला ते मोठ्याने वाचायला सांगावे. आजी ऐकत असेल तर फारच चांगले. दिवा विझविण्याचे कारण तीच सांगेल. आणि जूनमधील पहिले पान फाडू नये. मार्चमध्ये ते नव्या पानाशेजारी ठेवून गुरुजी, पालक आणि मूल यांनी मिळून पाहावे : वाक्ये किती वाढली, 'मग' किती वेळा आले, कोणती गोष्ट पहिल्यांदाच लिहिली गेली.