तिच्या नावावर काय आहे?

(भंडारा जिल्ह्यातल्या बचत गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

आजचा विषय कळल्यावर आपल्यातल्याच दोघी-तिघींनी नाक मुरडलं. म्हणाल्या, ‘व्हिसा हा काय आपला प्रश्न आहे? इथं रोजगार हमीची मजुरी वेळेवर मिळत नाही आणि ताई विलायतेच्या गोष्टी सांगणार!’ त्यांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. पण मागच्या काही वर्षांत माझ्याकडे मारहाणीच्या, टाकून दिलेल्या बायकांच्या केसेस घेऊन येणाऱ्यांबरोबर अधूनमधून एक वेगळीच बाई यायला लागली आहे. तिची मुलगी किंवा सून परदेशात असते. दिवस गेलेले असतात. बाळंतपणाला आईनंच जायचं ही आपली रीत. तेव्हा जी बाई नागपूरच्या पुढे कधी गेली नाही, तिचा पासपोर्ट निघतो, अर्ज भरला जातो आणि एक दिवस नकाराचं पत्र येतं. ते पत्र वाचताना माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न विमानाचा नाही, सातबाऱ्याचा आहे.

लाखनी तालुक्यातल्या एका बाईची हकिगत सांगते. नाव सांगत नाही, देशही सांगत नाही. वय पंचावन्नच्या आसपास. घरची चार एकर धानाची शेती, दोन म्हशी, शिवणयंत्र, गावातल्या बचत गटाची ती अध्यक्ष. अर्ज मुलीनं तिकडूनच भरला. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं ‘गृहिणी’. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य. सोबत जोडलं काय, तर नवऱ्याच्या नावाचा सातबारा, नवऱ्याचं पासबुक आणि तिचं स्वतःचं एक खातं. त्या खात्यात वर्षभर सहा-सात हजारांच्या वर कधी शिल्लक नव्हती आणि अर्जाच्या बारा दिवस आधी मुलीनं एकदम चार लाख टाकले होते.

नकाराच्या पत्रात दोन गोष्टी होत्या. हे चार लाख कुठून आले ते दिसत नाही, आणि तुमची परिस्थिती पाहता तुम्ही परत जाल याची आमची खात्री पटत नाही. मी तिला हे मराठीत समजावून सांगितलं तेव्हा ती संतापली. म्हणाली, ‘मी का तिथं ऱ्हायला चालली? माज्या म्हशी कोन पाहीन?’

मैत्रिणींनो, हेच तर उत्तर होतं! म्हशी, धानाची रोवणी, गटाचं कर्ज, हे सगळं तिला इथं बांधून ठेवणारं होतं. पण यातलं एकही कागदावर तिच्या नावानं नव्हतं. दूध ती काढते, डेअरीवर ती घालते, आणि दुधाचे पैसे नवऱ्याच्या खात्यात जातात. रोवणी ती करते, पण खरेदी केंद्रावर सातबाऱ्यावरच्या नावानं नोंदणी होते आणि धानाचा चुकारा त्याच नावाच्या खात्यात जमा होतो. बाहेरच्या देशातल्या अधिकाऱ्यानं जे वाचलं ते खोटं नव्हतं. आपल्या घरानं तिच्याबद्दल जे लिहून ठेवलं होतं तेच त्यानं वाचलं.

आता नकारानंतर काय करायचं ते सांगते, कारण तिथंच सगळ्यात जास्त चुका होतात.

पहिली चूक म्हणजे घाई. तोच अर्ज, तेच कागद, नवी फी. फी परत मिळत नाही हे लक्षात ठेवा. परिस्थिती आणि पुरावा दोन्ही जुनंच असेल तर उत्तरही जुनंच येतं. अमेरिकेचा नकार बहुधा त्यांच्या कायद्याच्या कलम २१४(ब) खाली असतो. त्या कायद्यात गृहीतच असं धरलंय की येणारा माणूस तिथं राहायला येतोय, तसं नाही हे अर्जदारानं पटवायचं. मुलाखत चार-दोन मिनिटांची असते, फाइल उघडलीच जाईल असं नाही. त्यामुळे तिथं बाईला स्वतःच्या तोंडानं स्वतःचा व्यवहार सांगता आला पाहिजे. ‘ते यांना माहीत’ हे उत्तर तिथं चालत नाही. (आपल्या ग्रामसभेतही चालू नये, पण तो वेगळा विषय.) त्या नकारावर अपील नाही, पुन्हा अर्ज करता येतो. ब्रिटनमध्ये नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांना पूर्वी अपिलाचा हक्क होता, तो २५ जून २०१३ पासून काढून घेतला. युरोपातल्या शेंगेन देशांच्या नकारावर मात्र दाद मागता येते, ती कुठं आणि किती दिवसांत मागायची हे नकाराच्या पत्रातच असतं. म्हणून ते पत्र रागानं फाडू नका. तेच वाचून पुढचा अर्ज लिहायचा आहे.

दुसरी चूक, नकार लपवणं. नव्या अर्जात आधी नकार मिळाला होता का, असा प्रश्न असतो. ‘हो’ लिहायचं. नकार हा गुन्हा नाही, लपवणं महागात पडतं.

आणि तिसरी, एजंटाचं ऐकणं. या बाईलाही एकानं सांगितलं, ‘बुटीकचं सर्टिफिकेट बनवून देतो, तीन वर्षांचं उत्पन्न दाखवू.’ मी तिला स्पष्ट सांगितलं, ब्रिटनसारख्या देशात खोटा कागद सापडला तर दहा वर्षं दार बंद होऊ शकतं. नातवंड शाळेत जायला लागेल तरी आजीचं तोंड दिसणार नाही. तिनं एजंटाला परत पाठवलं. ‘बुटीक म्हंजे का’ हेही त्याला विचारलं म्हणे.

मग खरं काय दाखवायचं? आम्ही दोघी तिच्या ओसरीवर बसलो आणि तिची वही उघडली. गटाची अध्यक्ष असल्यानं तिला लिहायची सवय होती. शिलाईचे पैसे, ब्लाऊजमागे किती, दिवाळीत किती, सगळं वहीत होतं, पण बँकेत काहीच नव्हतं. हातात आले की तेल-मिठात जायचे. तेव्हा ठरवलं की सहा महिने थांबायचं. शिलाईचे पैसे थोडे का होईना, दर आठवड्याला आधी खात्यात, मग खर्चाला. दुधासाठी डेअरीला अर्ज दिला की खातं माझ्या नावानं करा. गटाचं हजेरीपुस्तक, ठरावाची नक्कल, तिच्या नावची बचत आणि तिनं फेडलेल्या कर्जाचे हप्ते, यांचं पत्र बँकेकडून घेतलं. खात्याचा उतारा पाहणारा माणूस नुसती शेवटची शिल्लक पाहत नाही. पैसा कसा येतो, कसा जातो, आणि सांगितलेल्या उत्पन्नाशी जुळतो का, ते पाहतो. महिन्याला पाच हजार येणाऱ्या खात्यात एकदम चार लाख दिसले तर तुम्ही-आम्हीही विचारू की हे कुणाचे?

मुलीनं पैसे द्यायला बंदी नाही, हे नीट समजून घ्या. पण तिचे पैसे आईच्या खात्यात टाकून ‘आईचे’ म्हणून दाखवायचे कशाला? खर्च मुलगी करणार असेल तर तसं उघड सांगावं. मुलीचं पत्र, तिच्या पगाराच्या पावत्या, तिच्या खात्याचा उतारा, घरात राहायला जागा असल्याचा पुरावा आणि आई-मुलीचं नातं दाखवणारा जन्मदाखला. नवऱ्यानं दिले असतील तर त्याचं पत्र आणि त्याच्या खात्यातून ते निघाल्याची नोंद. पैशाची वाट दिसली पाहिजे.

शेतकरी घरांची आणखी एक अडचण. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्र भरलेलं नसतं आणि परक्या अधिकाऱ्याला वाटतं, यांना उत्पन्नच नाही. तेव्हा अर्जासोबतच्या पत्रात एक ओळ लिहायची की भारतात शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, आणि सोबत तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, धानखरेदीच्या पावत्या, चुकारा जमा झालेलं पासबुक लावायचं. सातबारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्यायचं आणि त्यावर भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख, पत्ता हवा.

नावांचा घोळ तर विचारू नका. आधारवर शांता, सातबाऱ्यावर शांताबाई, बँकेत माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं. एकाच बाईच्या चार बाया होतात. त्यातून आपल्याकडे एक खास भानगड: १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, म्हणून सडक-अर्जुनीच्या बाईच्या जुन्या दाखल्यावर जिल्हा भंडारा आणि नव्या कागदावर गोंदिया. लग्नाचा दाखला आणि खुलाशाचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडलं तर निदान या कारणानं शंका येत नाही.

एवढं सगळं सांगताना मला एक गोष्ट खुपते, ती बोलून टाकते. आपण हे सगळं निमूट का सिद्ध करत बसायचं? त्यांचे लोक आपल्याकडे ताडोबा पाहायला येतात तेव्हा त्यांच्या सासूच्या नावावर किती जमीन आहे हे आपण विचारत नाही. गरीब देशातली बाई म्हटली की आधी संशय. १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक भारतीय शिक्षिका लग्नासाठी उतरली, तर ती कुमारिका आहे का हे पाहायला डॉक्टरकडून तिची शारीरिक तपासणी केली गेली. वर्तमानपत्रानं ते उघड केल्यावर दोन्ही देशांत निषेध झाला आणि ती पद्धत बंद करावी लागली. ही फार जुनी गोष्ट म्हणाल, तर ऑगस्ट २०२० मध्ये ब्रिटिश सरकारला अर्जांची वर्गवारी करणारी संगणकाची एक पद्धत मागं घ्यावी लागली. ती अर्जदाराचं राष्ट्रीयत्व पाहून त्याला धोक्याच्या रंगात टाकत होती. तिथल्याच स्थलांतरितांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटना कोर्टात गेल्या म्हणून ते घडलं. तेव्हा नकार आला की ‘आपलंच काहीतरी कमी’ असं मानून बाईनं खाली मान घालायचं कारण नाही.

पण तिकडच्या संशयावर बोट ठेवताना आपल्या घरातल्या कागदांवरही ठेवलं पाहिजे. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीत अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली होती. १९९२ मध्ये राज्य शासनानं त्याच नावानं परिपत्रक काढलं, नवऱ्यानं अर्ज दिला तर सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागावं असं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, तोही तेव्हा लग्न न झालेल्यांनाच. देशाचा कायदा २००५ मध्ये बदलला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानंच आहे, २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. स्त्रीधन तिचंच, हे तर १९८५ च्या प्रतिभा राणी खटल्यापासून पक्कं आहे. कायदे आहेत. इथं बसलेल्या साठ-सत्तर जणींपैकी सातबाऱ्यावर नाव असलेल्यांनी हात वर करा म्हटलं तर...

(सभेत नऊ हात वर झाले. त्यातल्या पाच जणी विधवा होत्या.)

पाहिलंत? नवरा गेल्यावर नाव लागतं.

त्या बाईचं पुढं काय झालं ते सांगते. सातबाऱ्याचं बोलणं निघालं तेव्हा घरात आठ दिवस अबोला होता. नवरा वाईट नाही, पण ‘आता विलायतेला जायला जमीन पायजे का’ म्हणाला. थोरल्या मुलानं भर घातली. मग तिनंच मधला मार्ग काढला. जमिनीचं नंतर पाहू, आधी बँकेत दोघांच्या नावची ठेव करा, ‘दोघांपैकी एक किंवा हयात’ अशी. धानाच्या चुकाऱ्यातून ती झाली. दुसरा अर्ज सात महिन्यांनी गेला. व्यवसायाच्या रकान्यात या वेळी ‘शेती, दुग्धव्यवसाय आणि शिलाई’ लिहिलं. ते शब्द तिनं मुलीला फोनवरून सांगितले, मी ऐकत होते. आधीच्या नकारातल्या दोन्ही मुद्द्यांना एकेक परिच्छेदात उत्तर दिलं. चार लाख कुणाचे होते तेही खरं खरं लिहिलं आणि ते परत मुलीला पाठवल्याची नोंद जोडली. म्हशी तेवढे महिने कोण सांभाळणार, तेसुद्धा लिहिलं.

व्हिसा मिळाला. बाळंतपण तोवर होऊन गेलं होतं, मुलीनं ते एकटीनं काढलं. आजी पोचली तेव्हा नात पाच महिन्यांची होती. तीन महिने राहून ती रोवणीच्या आधी परत आली.

दुधाचं खातं तिच्या नावानं झालं. सातबाऱ्यावर अजून नाव नाही. मागच्या आठवड्यात ती मला भेटली आणि तलाठ्याकडे द्यायचा अर्ज कसा लिहायचा ते विचारत होती. कोरा नमुना मी बरोबर आणला आहे. ज्यांना हवा त्यांनी चहानंतर घेऊन जा, आणि नवऱ्याचं पूर्ण नाव, गट नंबर घरून पाहून या, म्हणजे मला भरून देता येईल.