आडवा वारसा : खुणांची भाषा आणि कर्णबधिरांचा समाज

ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी मराठीत जे शब्द प्रचारात आले, ते एकापुढे एक मांडले तर ऐकणाऱ्यांच्या दृष्टीचा इतिहासच समोर उभा राहतो. ‘बहिरा’ हा शब्द वस्तुस्थिती सांगता सांगता चेष्टेचा झाला. शाळांच्या पाट्यांवर स्थिरावलेल्या ‘मूकबधिर’ या शब्दाने बहिरेपणाला मुकेपणाची जोड दिली. वास्तविक बहुतेक बधिर व्यक्तींचे स्वरयंत्र निकोप असते, आणि ज्यांच्या हातांत संपूर्ण भाषा आहे त्यांना मुके म्हणणे हे निदान म्हणूनही चूक ठरते. ‘कर्णबधिर’ हा आजचा सभ्य, शासकीय शब्द उणीव कानापुरती ठेवतो खरा, परंतु तोही अखेर कानाविषयीच बोलतो, माणसांच्या परस्परसंबंधांविषयी नाही. इंग्रजीत ही अडचण लिपीच्या साहाय्याने सोडवली गेली. जेम्स वुडवर्ड या भाषाभ्यासकाने १९७२ मध्ये असे सुचवले की, ऐकू न येण्याची शारीरिक अवस्था सांगताना तो शब्द लहान आद्याक्षराने लिहावा आणि खुणांची भाषा बोलणारा समाज सांगताना मोठ्या आद्याक्षराने. देवनागरीत अशी लहानमोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे मराठीत हा भेद दरवेळी वाक्य खर्चून सांगावा लागतो, आणि कदाचित म्हणूनच तो क्वचित सांगितला जातो.

हा भेद नुसता शब्दांचा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यातील ७० डेसिबल वा त्याहून अधिक श्रवणऱ्हास असलेल्या व्यक्तीला बधिर मानले आहे, तर २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली. कानांच्या या मोजणीत साठीनंतर ऐकू येईनासे झालेले आजोबा येतात, पण त्यांची भाषा मराठीच राहते आणि त्यांचा समाजही बदलत नाही. उलट बधिर आईवडिलांचे ऐकणारे मूल, ज्याची पहिली भाषा बहुधा हातांची असते आणि जे अजाणत्या वयापासून घराचा दुभाषी होऊन बसते, ते या मोजणीत कोठेच नसते. ‘खामोशी’ या १९९६ च्या चित्रपटाने गोव्यातील अशाच एका मुलीची गोष्ट सांगितली होती. समाजाची सीमा कानाने नव्हे तर भाषेने आखली जाते, असे म्हणायचे ते याच अर्थाने.

ही भाषा म्हणजे हातवारे नव्हेत, हे आता सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. विल्यम स्टोको याने १९६० मध्ये अमेरिकन खुणांच्या भाषेचे विश्लेषण करून दाखवले की, प्रत्येक खूण हाताचा आकार, शरीरावरील वा अवकाशातील जागा आणि हालचाल अशा घटकांतून घडते, जसा बोलभाषेतील शब्द ध्वनींतून घडतो. यांतील एक घटक बदलला तरी अर्थ बदलू शकतो. भारतीय सांकेतिक भाषेत पुरुषाची खूण मिशीच्या जागी होते आणि स्त्रीची नाकातल्या चमकीच्या जागी, आणि याच दोन जागा नात्यांच्या खुणांतही उपयोगी पडतात. मराठीत ‘तू कोठे जातोस’ असे विचारताना प्रश्नवाचक शब्द क्रियापदाआधी येतो. या भाषेत तो वाक्याच्या शेवटी जातो. होय-नाही असे उत्तर मागणारा प्रश्न तर निराळ्या खुणेने नव्हे, उंचावलेल्या भुवयांनी ओळखला जातो, म्हणजे चेहरा हा येथे भावनेचा आरसा नसून व्याकरणाचा अवयव असतो. शिक्षक तोंडाने मराठी बोलत त्याच क्रमाने खुणा करत जातात तेव्हा जे तयार होते ते मराठी नसते आणि सांकेतिक भाषाही नसते.

या समाजाचे खरे वैशिष्ट्य मात्र वारशाच्या दिशेत आहे. इतर भाषा आईकडून मुलाकडे उतरतात. बहुसंख्य बधिर मुले ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, त्यामुळे त्यांची भाषा उभी न उतरता आडवी पसरते, मोठ्या मुलाकडून धाकट्याकडे, वसतिगृहातल्या एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे. मिलान येथे १८८० मध्ये भरलेल्या, जवळजवळ सर्वस्वी ऐकणाऱ्या शिक्षकांच्या परिषदेने मौखिक पद्धतीला, म्हणजे ओठ वाचून आणि उच्चार गिरवून शिकवण्याला, श्रेष्ठ ठरवले आणि शाळांतून खुणांना हद्दपार करण्याचा मार्ग मोकळा केला. मुंबईत बधिरांसाठी पहिली शाळा निघाली ती त्याच दशकात, आणि पुढील भारतीय शाळांवरही याच विचाराची दाट छाया राहिली. वर्गात खुणा करण्यास मनाई असताना मधल्या सुट्टीत, जेवणाच्या पंगतीत आणि दिवे मालवण्याआधीच्या अर्ध्या तासात मुले जी बोलत राहिली, ती भाषा शाळेने घडवली नाही, पण शाळेवाचून ती घडलीही नसती. बंदी घालणाऱ्याच्याच घरात भाषा वाढावी, असे उदाहरण भाषांच्या इतिहासात विरळा.

याची दुसरी बाजू कर्नाटकातील अलीपूर या गावात दिसते. तेथे आपसातील विवाहांमुळे आनुवंशिक बहिरेपण पिढ्यान्‌पिढ्या आढळते, गावाची स्वतःची खुणांची भाषा आहे आणि ती अनेक ऐकणाऱ्यांनाही येते. अमेरिकेतील मार्थाज व्हिनयार्ड बेटावरही एके काळी अशीच स्थिती होती. जेथे शेजारी, दुकानदार, नातेवाईक सगळेच हातांनी बोलू शकतात, तेथे बधिरांचा वेगळा समाज निर्माण होण्याचे कारणच फारसे उरत नाही. यावरून असे दिसते की, वेगळेपणाची जाणीव बहिरेपणातून आपोआप उगवत नाही. भाषा असूनही ती बाहेर कोणाला कळत नाही, या अनुभवातून ती उगवते.

मदन वसिष्ठ या स्वतः बधिर असलेल्या अभ्यासकाने वुडवर्ड यांच्यासह १९७० च्या दशकाच्या अखेरीस दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि बंगळूर येथील खुणांची तुलना केली, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश शब्दसंग्रह समान असल्याचे दिसून आले. निरनिराळ्या शाळांच्या आवारांत वाढलेल्या भाषेला इतकी एकवाक्यता असावी, ही गोष्ट थोडी आश्चर्याची आहे. दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा कोश काढला आणि २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांवर नेला. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत मात्र या भाषेला अद्याप स्थान नाही.

कोशामागोमाग प्रमाणीकरण येतेच, आणि प्रमाण व बोली यांचा वाद मराठी वाचकाला नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात देशभर एकच प्रमाण सांकेतिक भाषा असावी असे म्हटले आहे, आणि स्थानिक खुणांचाही आदर करून शक्य व समर्पक असेल तेथे त्या शिकवाव्यात अशी पुस्ती जोडली आहे. काय शक्य आणि काय समर्पक, हे ठरवणाऱ्यांच्या बैठकीत वसतिगृहात खुणा शिकून मोठी झालेली माणसे किती असतील, यावर त्या पुस्तीचे मोल अवलंबून राहील. मिलानच्या सभागृहात ती जवळजवळ नव्हतीच.