न्हाणीघरातली पहिली शाळा



घरी पाहुणे आले की आपण दीड-दोन वर्षांच्या मुलाला पुढे करतो आणि विचारतो, "नाक कुठे आहे रे तुझे?" बोट नाकावर गेले की सारे घर धन्य होते, कानावर गेले की आईचा चेहरा उतरतो. खेळाची परीक्षा झाली, की खेळ संपला. आज आम्हांला एवढेच सांगावयाचे आहे की, अवयवांची नावे मुलाला यावीत ती पाहुण्यांसाठी नव्हे, त्याच्या स्वतःसाठी.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. गरीब वस्तीतली मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९५७ साली हे काम कोसबाडला गेले. मुलांना धुणे-पुसणे, केस विंचरणे हाही तेथे शिक्षणाचाच भाग होता. साहित्य म्हणाल तर शिंपले, बिया आणि खडे. आपल्या रत्नागिरीत त्यांना काय तोटा?

माँटेसरीबाईंच्या पद्धतीत नाव शिकविण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पायाला तेल लावताना आधी सांगावे, "हा घोटा." काही दिवसांनी म्हणावे, "घोटा दाखव पाहू." अगदी शेवटी विचारावे, "हे काय?" मूल चुकले तर रागावू नये, पुन्हा पहिल्या पायरीवर यावे. आपण नेमकी पहिलीच पायरी घाईने उरकतो.

भाट्याच्या वाळूत मुलाला निजवा आणि भोवती काडीने रेघ ओढा. ते उठले की त्या वाळूच्या माणसाला त्यानेच शिंपल्यांचे डोळे लावावेत, गुडघ्यावर खडा ठेवावा. मूल गुडघ्याला 'ढोपर' म्हणाले तर ते चुकले असे समजू नका. तो त्याच्या आजीचा शब्द आहे. पुस्तकातला त्याच्या शेजारी येऊन बसेल.

आता थोडे अवघड बोलतो. आपल्या घरांत अंगाच्या काही भागांना नावच नसते. तेथे मुलाचा हात गेला की आपण "शी!" म्हणून तो झटकतो. मूल त्यातून एकच शिकते, की येथले काही बोलावयाचे नाही. मग तेथे जळजळ झाली तरी ते नुसते रडते; आणि कुणी वाईट हेतूने हात लावला तरी गप्प राहते. लैंगिक अत्याचारांपासून मुलांच्या रक्षणासाठी २०१२ साली कायदा झाला खरा. पण ज्या मुलापाशी शब्दच नाही, त्याची तक्रार कायद्याच्या दारापर्यंत पोहोचावी कशी?

म्हणून आंघोळ घालताना नाक, मान, पाठ ज्या सुरात म्हणता, त्याच सुरात त्याही भागांची नावे सांगा. कुणी तेथे हात लावला तर लगेच आम्हांला सांगावयाचे, हेही सांगा.

ज्या दिवशी मूल नुसते न रडता "बेंबीच्या खाली दुखते" असे आपण होऊन सांगेल, त्या दिवशी ते परीक्षेत उतरले असे समजा. त्या वेळी घरात पाहुणे नसले तरी चालतील.