एक हजार चोवीस घरांचे बिऱ्हाड

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘परदेशातील आठवणी’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. त्यांच्या मनात बर्फ, बागा आणि राणीचा राजवाडा असावा. पण मी आज आपल्याला आमच्या घरातील एका लहानशा काळ्या यंत्राची हकीकत सांगणार आहे. मी काही विदुषी नव्हे. चूकभूल पदरात घ्यावी.

१९७९ साली यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही इंग्लंडात लेस्टर गावी बिऱ्हाड केले. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. मार्च १९८१ मध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स-८१ नावाचा घरगुती संगणक विक्रीस काढला. तयार घेतला तर ६९ पौंड ९५ पेन्स, आणि सुटे भाग आणून घरी जोडला तर ४९ पौंड ९५ पेन्स. इतक्या स्वस्तात संगणक मिळतो हेच त्या वेळी नवल होते. पुढच्या वाढदिवसाला मुलाने तोच मागितला.

यंत्र एखाद्या पुस्तकाएवढे. त्याला स्वतःचा पडदा नाही. तो घरच्या दूरदर्शन-संचाला जोडायचा. रंग नाही, आवाज नाही. केलेले काम जपून ठेवायचे तर गाण्यांचा कॅसेट रेकॉर्डर जोडायचा. आणि त्याची स्मृती किती? एक हजार चोवीस घरे. एका घरात एक अक्षर किंवा एक खूण. बस्स!

त्यातली सव्वाशे घरे तर यंत्र स्वतःच्याच कारभाराला ठेवून घेई. पडदा काठोकाठ अक्षरांनी भरला, की जवळजवळ आठशे घरे त्यातच जात. मग उरल्या शंभर घरांत आपण काय तो संसार थाटायचा! मला तर पहिल्याच दिवशी आमची मुंबईची चाळीतली खोली आठवली. पाहुणा आला की घरच्या माणसाने गॅलरीत निजायचे, तशातली गत.

पण भगिनींनो, अडचणीत युक्ती सुचते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. त्या यंत्राला नुसता १ हा आकडा सांगितला, तर तो सात घरे अडवून बसे. मग मुलांनी काय शोधून काढले? वर्तुळाच्या गणितातला जो ‘पाय’, त्याची एकच खूण असे आणि ती एकाच घरात मावे. पायला पायनेच भागले की उत्तर आले एक, आणि घरे लागली तीन. चार घरांची बचत! पुड्याचा दोरा सोडवून गुंडाळून ठेवणारी माझी आई हे ऐकून खूश झाली असती. डेव्हिड हॉर्न नावाच्या गृहस्थाने तर अवघ्या ६७२ घरांत यंत्राला बुद्धिबळ खेळायला शिकवले. काही नियम गाळावे लागले, पण यंत्र खेळत असे.

मासिकांतून छापून येणारे कार्यक्रम पाहून पाहून यंत्रात उतरवून घ्यावे लागत. मुलगा कळा दाबी आणि मी शेजारी बसून ओळी वाचून दाखवी. एक स्वल्पविराम चुकला तरी सगळे अडे. परक्या मुलुखात, जिथे दुपारी चार वाजता अंधार पडतो आणि दिवसभर दाराशी कोणी फिरकत नाही, तिथे त्या संध्याकाळी मला फार मोठा आधार वाटत. पुढे मी स्वतःच वाणसामानाच्या हिशेबाचा एक छोटा कार्यक्रम रचला. मॅट्रिकनंतर गणिताशी संबंध सुटलेली मी! तो चालला त्या दिवशी मी शिरा केला होता.

वीज गेली की यंत्राची स्मृती पार कोरी होई. एकदा मुलाने दोन संध्याकाळी खपून एक कार्यक्रम उतरवला. यंत्र तसेच चालू ठेवून तो जेवायला बसला आणि मी इस्त्रीसाठी त्याचाच प्लग काढला. तो रडला नाही. ताटावरून उठून गेला मात्र. त्यानंतर यंत्राच्या पाठीला लावायची सोळा हजार घरांची जास्तीची पेटी आम्ही त्याला आणून दिली. आता काम मोठे झाले आणि ते कॅसेटवर उतरवायला पाच-सहा मिनिटे लागू लागली.

आता जे सांगायचे ते सांगते. माझ्या सासूबाई वाई तालुक्यातल्या. आम्ही निघण्यापूर्वी यजमानांनी माजघरात बसून त्यांच्या जात्यावरच्या ओव्या एका कॅसेटवर घेतल्या होत्या. मागे जात्याची घरघर, मध्येच गाईचे हंबरणे, आणि त्यांचा तो खडा आवाज. १९८० साली त्या गेल्या. आम्हांला वेळेवर पोचता आले नाही. राहिली ती कॅसेट.

कॅसेटच्या पाठीवरचा चिमुकला तुकडा मोडून टाकला, की तिच्यावर दुसरे काही उतरत नाही. हे मला ठाऊक नव्हते. मी तिच्यावर नावही लिहिले नव्हते. १९८३ च्या हिवाळ्यात मुलाला कोरी कॅसेट सापडेना, म्हणून त्याने डब्यातली हाताला आली ती घेतली आणि आपला पाढ्यांचा कार्यक्रम तिच्यावर उतरवला. दिवाळीला मी कॅसेट लावली, तर जात्याऐवजी नुसता किंचाळल्यासारखा कर्कश आवाज! सहा मिनिटांनी तो थांबला आणि अर्ध्या ओवीपासून सासूबाईंचा आवाज सुरू झाला. मी मुलाला चापट मारली. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? चूक माझी होती.

त्या सहा मिनिटांत नातवावरची एक ओवी होती, त्याचे नाव गुंफून केलेली. तिची पहिली ओळ मला येते. दुसरी किती आठवली तरी येत नाही.

मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला. तो आणि त्याचे मित्र भेटले की त्या काळ्या यंत्राच्या आठवणी काढतात. “आई, तेव्हा एकेका घराची किंमत होती,” तो म्हणतो. आपल्याकडेही १९८४ साली सरकारने शाळांतून संगणक-परिचयाची योजना सुरू केली, तेव्हा बीबीसीच्या नावाचे इंग्रजी संगणक आले होते. इथल्या काही जणींच्या मुलांनी ते हाताळलेही असतील. त्या मुलांनाही आज तसेच वाटत असेल. त्याचे म्हणणे खरे आहे. पण अर्धेच खरे आहे. जागा थोडी असली की माणूस निवडायला शिकतो, हे खरे. पण निवडताना काय गमावतो, ते त्याला पुष्कळदा फार उशिरा कळते.

आज आपल्या हातातल्या फोनवरचे एक साधे छायाचित्र सहज तीस लाख घरे घेते, म्हणजे त्या यंत्राच्या तीन हजार पट. आपली देवनागरी अक्षरे आज संगणकात लिहिली तर एकेका खुणेला तीन घरे लागतात. म्हणजे एक ओवी तीनशे घरांची धरली, तर आमच्या त्या यंत्रात तीनच ओव्या मावल्या असत्या. आज जागेला तोटा नाही. पण आपण त्या जागेत काय साठवतो? सकाळच्या नमस्काराची फुले!

हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील खेड्याखेड्यांत हिंडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांचे उपकार थोर आहेत. पण आपल्या सासूबाईंची, आपल्या आजीची ओवी गोळा करायला बाहेरचे कोण येणार?

म्हणून मंडळापुढे माझी एक नम्र सूचना आहे. प्रत्येकीने घरातील जुन्या कॅसेट शोधाव्यात. पाठीवरचा तुकडा आधी मोडावा आणि नाव-साल लिहावे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्या मंडळात आणाव्यात. ऐकून ओव्या वहीत उतरवू आणि आवाज फोनवर घेऊ. नव्वदीच्या पुढच्या ज्या भगिनी आपल्यात आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करावी.

मी माझी ती कॅसेट आज बरोबर आणली आहे. तिच्यातल्या पहिल्या सहा मिनिटांत अजून मुलाचे पाढे आहेत. तेही राहू द्यावेत, असे मला आता वाटते. पण नातवावरच्या ओव्या ज्या कोणाला येत असतील, त्यांनी सभा संपल्यावर मला जरूर भेटावे. दुसरी ओळ कदाचित तुमच्यापैकीच कोणाच्या ओठावर असेल.