राष्ट्रपतींची निवड आणि आपले मत

२१ जुलै २००७ रोजी निकाल लागला आणि श्रीमती प्रतिभाताई पाटील देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. जळगाव जिल्हा त्यांचे माहेर, अमरावती सासर. आपला बुलढाणा जिल्हा दोहोंच्या वाटेवर. मलकापूरशेजारच्या एदलाबादच्या, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरच्या, त्या अनेक वर्षे आमदार होत्या. तेव्हा इकडच्या माणसाला ‘आपल्या ताई’ वाटणे साहजिकच होते.

वर्षभर आधीच, २००६ साली, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांना मदत जाहीर केली होती. त्यांत बुलढाणा होता. अशा जिल्ह्यात आशा मोठी, म्हणून निराशाही मोठी. पुढे एखादा शेतकरी विचारी, “आपलं माणूस दिल्लीत बसूनही कापसाचं काय झालं? मग मत द्यायचं तरी कशाला?”

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. पण उत्तर राज्यघटनेत आहे. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. सल्ला फेरविचारासाठी एकदा परत पाठवता येतो. तोच पुन्हा आला, तर मानावा लागतो. कळस ही देवळाची शोभा खरी, पण पाणी विहिरीलाच शोधावे लागते.

२००८ ची कर्जमाफीच पाहा ना. ती जाहीर झाली केंद्राच्या अर्थसंकल्पात. पूर्ण माफीला दोन हेक्टरांची मर्यादा होती. आपल्याकडे कोरडवाहू जमीन जास्त, पीक मात्र थोडे. अशा कितीतरी शेतकऱ्यांची पुरती सुटका झाली नाही. त्याचा जाब राष्ट्रपतींना नव्हे, मंत्र्यांना आणि आपल्या खासदाराला विचारायचा होता.

शिवाय राष्ट्रपतींना आपण थेट निवडीत नाही. मत देतात निवडून आलेले खासदार-आमदार. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५. १९७१ ची लोकसंख्या २८८ ने आणि मग हजाराने भागली, की हा आकडा निघतो. आज जिल्ह्यात आमदार सात, म्हणजे १,२२५. ही शिदोरी आपणच विधानसभेच्या मतदानाला त्यांच्या हाती बांधून देतो, बरं का!

२०२२ साली श्रीमती द्रौपदी मुर्मू आदिवासी समाजातील पहिल्या राष्ट्रपती झाल्या. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद-संग्रामपूरकडच्या आदिवासी गावांना त्याचा अभिमान वाटावा, यात गैर काय? पण गावचा रस्ता मागायचा तो ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत, आमदाराच्या दारी.

म्हणून रुसायचेच असेल, तर ज्याने काम केले नाही त्याच्यावर रुसावे. आपल्या मतावर रुसू नये.