रसदेची वाट आणि ठेक्याचे युद्ध



इतिहास-अभ्यासकांची ही परिषद बारामती-इंदापूरच्या भूमीवर भरत असताना तिच्यापुढे रसदेचा, म्हणजे सैन्यामागून जाणाऱ्या धान्य, दारूगोळा आणि खजिन्याचा विषय ठेवणे उचित ठरते. कारण लढणाऱ्याचे नाव बखरीत राहते, परंतु त्याला जगवणारा माणूस वाटेत मारला गेला तर त्याची नोंद क्वचितच सापडते.

या परिसराला युद्ध परके नव्हते. भोसल्यांच्या जहागिरीत पुणे आणि सुप्यासह इंदापूरचाही समावेश होता आणि मालोजीराजे इंदापूरच्याच लढाईत पडले. नीरा-नरसिंहपूरच्या संगमाखाली वाहत जाणाऱ्या भीमेच्या काठी, ब्रह्मपुरी येथे औरंगजेबाची छावणी 1695 पासून सुमारे चार वर्षे होती आणि एवढ्या अफाट छावणीचे पोट दूरच्या प्रदेशातून येणाऱ्या धान्यावर अवलंबून असल्याने, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी तिच्या तटापेक्षा तिच्या वाटांवर घाव घातले.

या वाटांवरचा मुख्य वाहतूकदार बंजारा होता. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी धान्याची गोण, पुढे तांड्याचा नाईक आणि मुक्कामी त्याच गोणी रचून उभारलेला आडोसा, एवढीच त्याची तटबंदी असे. तो दोन्ही पक्षांना धान्य विकत असल्यामुळे, त्याला लुटले तर उद्या आपलेच सैन्य उपाशी राहील, हे प्रत्येक सेनापती जाणत असे आणि या परस्परांच्या गरजेतूनच त्याला अभय मिळत असे. हे अभय नेहमी पाळले गेले असे नव्हे. परंतु ते मोडणे हा आपलाच तोटा आहे, ही जाणीव मात्र शिल्लक होती.

युद्धाचा ठेका म्हणजे काय, याचे उत्तर प्रत्यक्ष बारामतीतच मिळते. पेशव्यांचे नातलग आणि सावकार बाबूजी नाईक यांनी कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधील प्रदेशात खंडणी वसूल करण्याचा अधिकार शाहू महाराजांकडून वार्षिक 7 लाख रुपये देण्याच्या बोलीवर घेतला, परंतु तेथील विरोध आणि वाढता खर्च यांनी त्यांना कर्जात लोटले. हाच न्याय खालच्या पातळीवर शिलेदाराला लागू होता. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई, म्हणून घोडा पडला की त्याची उपजीविकाच पडत असे. ठेक्याचा अर्थ असा की लाभ वर जातो आणि जोखीम खाली उतरते.

संरक्षण तुटले की काय होते, हे पानिपतावर दिसले. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर 1760 मध्ये मारले गेले आणि पुढील महिन्याच्या आरंभी दिल्लीहून खजिना आणणारे स्वार रात्री वाट चुकून अफगाण छावणीत शिरले आणि कापले गेले. 14 जानेवारीची लढाई उपाशी सैन्याने लढली.

आजच्या युद्धात आघाडी आणि पिछाडी यांतील रेषाच पुसली गेली असून, रस्त्याकडेला पेरलेले स्फोटक आणि आकाशातून येणारा ड्रोन यांना सैनिक आणि मालमोटारीचा चालक यांत फरक करता येत नाही. इराकमधील फलुजा येथे 31 मार्च 2004 रोजी मालमोटारींच्या ताफ्याचे रक्षण करणारे खासगी कंपनीचे 4 जण मारले गेले. अफगाणिस्तानात झरंज-देलाराम रस्त्याचे काम चालू असताना 2005 साली सीमा सडक संघटनेच्या एका भारतीय चालकाचे अपहरण करून त्याची हत्या झाली. याउलट, बगदादच्या निसूर चौकात 16 सप्टेंबर 2007 रोजी खासगी रक्षकांच्याच गोळीबारात 17 नागरिकांचा बळी गेला. त्यानंतरच्या वर्षी माँत्रो येथे अशा कंपन्यांबाबत राष्ट्रांच्या जबाबदाऱ्या सांगणारा दस्तऐवज तयार झाला, तो उपयुक्त आहे. परंतु तो कायद्याप्रमाणे बंधनकारक नाही.

म्हणून या परिषदेने दोन गोष्टींचा आग्रह धरावा. दफ्तरांतील जमाखर्च, पत्रे आणि कौलनामे तपासून तांड्यांची आणि ताफ्यांची हानी अभ्यासकांनी लढाईच्या हानीइतक्याच काटेकोरपणे मांडावी. आणि परदेशी युद्धभूमीवर ठेक्याने गेलेल्या प्रत्येक कामगाराचे नाव, विमा आणि वारस यांची नोंद शासनाने तो निघण्यापूर्वीच करून ठेवावी. गोणीमागे चालणाऱ्या माणसाचे नाव तीन शतकांपूर्वी कोणी लिहून ठेवले नाही, ही उणीव आता भरून निघणे कठीण आहे. मात्र आज मालमोटार चालवणाऱ्याच्या बाबतीत ती पुन्हा होऊ देणे अक्षम्य ठरेल.