आशा म्हणजे दिसणारी वाट



"आमच्या लेकरास शिक्षण झेपणार नाही," असे पुष्कळ आईबाप म्हणतात. लेकराच्या बुद्धीस दोष देण्यापूर्वी त्याजपुढे वाट आहे काय, हे पाहावे.

1948 पर्यंत निजामी राज्यात आपल्या मराठवाड्यातील मुलास पदवीसाठी हैदराबादेस जावे लागे. तेथील उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून होई. बुद्धी होती, वाट नव्हती. 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हाच्या औरंगाबादेस महाविद्यालय काढिले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. वाट दिसताच खेड्यापाड्यांतील दलितांची मुले पदवीपर्यंत पोहोचली.

म्हणून नापास झालेल्या मुलास नुसता धीर देऊ नका. आज त्याजकडून एकच गणित सोडवून घ्या, उद्या दुसरे. "हे मला आले," असे त्यास स्वतः म्हणू द्या. खरी आशा तेथेच उगवते. परमेश्वर ती घरोघरी वाढवो.